राहिलेला चौकोन

जून उजाडला की आमच्या घरात खाकी कागदाचा वास सुटतो. अप्पा बळवंत चौकातून वह्या-पुस्तकं आणायची, हॉलभर पसारा मांडायचा, कात्री हरवायची, ती शोधताना डिंकाची बाटली लवंडायची आणि रात्री अकरा वाजेपर्यंत कव्हरं घालत बसायचं. तयार प्लॅस्टिकची कव्हरं मिळतात हे मला ठाऊक आहे. पण खाकी कागदाची कड आत दुमडून नखानं घडी दाबताना जे सुख होतं ते त्यात नाही. घरात माझा एवढा एक हट्ट चालवून घेतात.

2022 चा जून मात्र वेगळा होता. दोन वर्षं मोबाइलच्या पडद्यात भरलेली शाळा पुन्हा शाळेत भरणार होती. लेकीची पहिलीची अख्खी इयत्ता जेवणाच्या टेबलावर पार पडली होती. त्यातच आम्ही त्या उन्हाळ्यात घर बदललं, म्हणून दुसरीला नवी शाळा. शाळेनं कागदपत्रांची यादी दिली: जन्मदाखला, आधार, आधीची शाळा सोडल्याचा दाखला, फोटो आणि अगदी शेवटी, ‘लसीकरण कार्डाची झेरॉक्स’. बायको ऑफिसच्या कामासाठी दहा दिवस बंगळुरूला गेलेली. म्हणजे यादी माझ्या गळ्यात.

“कार्ड कुठंय गं?” मी फोनवर विचारलं.

“कपाटात. सोनोग्राफीच्या पिशवीत.”

“कुठल्या कपाटात?”

पलीकडे काही क्षण काहीच ऐकू आलं नाही. लग्नाला दहा वर्षं झालेल्या पुरुषांना ती शांतता ओळखता येते.

पिशवी सापडली. त्यात सोनोग्राफीच्या काळ्या फिल्म, बारशाचं उरलेलं एक आमंत्रण, हातात बांधलेली दवाखान्याची पट्टी आणि घड्या पडून मऊ झालेलं ते कार्ड. वर छापलेलं: माता व बाल संरक्षण कार्ड. नावात माता आहे, बाल आहे, बाप नाही. आत एका ओळीवर माझं नाव होतं म्हणा, पण ते नुसतं नावापुरतंच. सात वर्षांत मी ते कार्ड कधी उघडून बघितलं नव्हतं.

बाळंतपण सांगलीला, बायकोच्या माहेरी झालं. त्यामुळे पहिल्या तीन नोंदी तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या, निळ्या शाईत, सिस्टरच्या घाईच्या अक्षरात: क्षयाविरुद्धची बीसीजी, कावीळ ब आणि पोलिओचा शून्य डोस. ‘शून्य डोस’ हे नाव मला फार आवडलं. मोजणी सुरू व्हायच्या आधीचा, म्हणून शून्य. पुढच्या नोंदी पुण्यातल्या बालरोगतज्ज्ञांच्या. तिथं शाईबरोबर कुप्यांवरचे छोटे स्टिकरही चिकटवलेले. दीड महिना, अडीच महिना, साडेतीन महिना. हे आकडे आईवर्ग असे म्हणतो की जणू पाढाच आहे. मग नववा महिना. मग दीड वर्षाचा बूस्टर. तिथपर्यंत एकही जागा मोकळी नाही, तारखाही फार मागंपुढं नाहीत. आणि त्यानंतर, पान संपता संपता, एक चौकोन. पाच ते सहा वर्षं. कोरा.

मी आधी कार्डालाच दोष दिला. नोंद राहिली असेल, डोस झाला असेल. मग फोनमधले फोटो तारखेनं मागं मागं नेत बघितलं. लेक पाच वर्षांची झाली मे 2020 मध्ये. त्या वाढदिवसाच्या फोटोत केक घरच्या कुकरमधला आहे, पाहुणे तिघं आहेत, आणि ते तिघं म्हणजे आम्हीच. त्या महिन्यात दूध आणायला खाली उतरायचं तरी मी दोनदा विचार करत होतो. धडधाकट पोरीला घेऊन दवाखान्यात जाऊन बसण्याची गोष्ट कोणाच्या मनात येणार! आणि पुढं सगळं उघडल्यावरही ती आली नाही, हे काही कोविडवर ढकलता येत नाही.

आत्याला फोन लावला. आत्या म्हणजे निवृत्त नर्सबाई. पाटण आणि कराड तालुक्यांत मिळून पस्तीस वर्षं एएनएम, म्हणजे गावोगावची आरोग्यसेविका, म्हणून काढलेली.

“आत्या, एक चौकोन मोकळा दिसतोय.”

“कुठला?”

“पाच ते सहा वर्षांचा.”

“डीपीटीचा दुसरा बूस्टर. पोरगी कितीची झाली?”

“गेल्या महिन्यात सात पूर्ण.”

ती रागावली नाही. “महिन्यानं चुकलास की रे,” एवढंच म्हणाली. मग समजावून सांगितलं. डीपीटी म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात, या तिघांची एकत्र लस. सरकारी वेळापत्रकात ती सात वर्षांपर्यंतच देतात. मोठ्या मुलाला तोच डोस दिला तर त्रास जास्त होतो. म्हणून सातच्या पुढं घटसर्पाचा भाग कमी केलेली लस द्यायची: टीडी, किंवा खाजगीत टीडॅप. त्या नावांतलं घटसर्पाचं ‘डी’ इंग्रजीत बारक्या लिपीत लिहितात, कारण मात्राच बारकी. नर्सिंगच्या पुस्तकात हे कोणी विनोदानं लिहिलं नसेल, पण मला त्या क्षणी हसू आलं. अपराधी वाटताना माणसाला कशाचंही हसू येतं.

“मग आता सगळं पहिल्यापासून?” मी विचारलं. मनात दीड, अडीच, साडेतीनचा पाढा पुन्हा सुरू झाला होता.

“छे! जिथं सुटलं तिथनं पुढं धरायचं. दिलेला डोस वाया जात नाही. पण तो डीपीटीचा चौकोन आता तसाच राहणार. तिथं काही लिहू नका म्हणावं डॉक्टरांना, खाली वेगळं लिहा.”

मला एकच कळेना. पहिल्या दीड वर्षात एकही तारीख न चुकवणारी आम्ही माणसं पाचव्या वर्षी कशी विसरलो? आत्याला याचं नवल वाटलं नाही. तिच्या रजिस्टरातही हीच ओळ सगळ्यात विरळ असायची. “कडेवरचं पोर लशीला येतं,” ती म्हणाली. “पाच वर्षांचं पोर कडेवर मावत नाही. ते पळतंय, खातंय, पडतंय. त्याला काही होईल असं आईला वाटत नाही, आणि आम्हाला ते घावत नाही.”

खरं तर तेव्हाच गरज असते. तान्हेपणी दिलेल्या डोसांचा जोर घटसर्पाच्या आणि डांग्या खोकल्याच्या बाबतीत हळूहळू ओसरत जातो. आपल्या देशात घटसर्प संपलेला नाही, आणि आता तो तान्ह्या बाळांपेक्षा शाळकरी वयात जास्त दिसतो. एका बाकावर तिघं, एक पाण्याची बाटली, डब्यातला निम्मा घास शेजारणीचा. बूस्टर शाळेच्या उंबरठ्यावर ठेवला आहे तो उगाच नाही.

घटसर्प हा शब्द मी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकला होता, तेही एकदाच. आजीला कोणी भावंडं विचारली की ती म्हणायची, “झालो नऊ, उरलो पाच.” हे ती जोंधळ्याचा हिशेब सांगावा तसं सांगे. गेलेल्या चौघांपैकी एकाला घटसर्प. घशात पांढुरका पडदा धरला, मान सुजली, आणि बैलगाडी जुंपून तालुक्याला न्यायचं ठरेपर्यंत पोर गेलं. दोघांना गोवर, एवढं तिला माहीत होतं. चौथं कशानं गेलं हे विचारायचं राहून गेलं. गोवर आला की घरात फोडणी बंद, अंथरुणाला लिंबाचा पाला, दारातून येणाऱ्यानं पाय धुऊन यायचं, कारण घरात ‘बाई’ आलेल्या असत. पाहुणीचा मान राखायचा आणि ती लवकर जावी म्हणून हात जोडायचे. याला अडाणीपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जवळ दुसरं काहीच नव्हतं तेव्हा निदान आजाऱ्याला वेगळं ठेवायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थोपवायची एक रीत तरी होती.

आजीच्या दोन्ही हातांवर रुपयाएवढे खड्डे होते. ‘देवी काढल्या’चे वण. रोगाचं नाव देवी, आणि लशीचंही नाव देवी. रोग अंगावर ‘येतो’, लस ‘काढतात’, एवढाच फरक. या लशीची आपल्याकडची पहिली नोंद मुंबईची आहे आणि तारीख ऐकून मी चमकलो: 14 जून 1802. आपल्या शाळा उघडतात तेच दिवस. ॲना डस्टहॉल नावाची तीन वर्षांची मुलगी. फ्रीज नव्हता, बर्फ नव्हता. युरोपातून निघालेली लस बगदाद, बसरा करत एकाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडावर, अशी माणसांच्या अंगावरूनच प्रवास करत मुंबईला पोचली होती. ॲनाच्या हातावरच्या फोडातून मग पुढची मुलं टोचली गेली आणि लस देशभर गेली. आज लस थंड ठेवत पोचवायच्या साखळीला कोल्ड चेन म्हणतात, ती तेव्हा लहान मुलांच्या दंडांची साखळी होती. शेवटचा देवीचा रोगी देशात सापडला 1975 च्या मे महिन्यात. म्हणून माझ्या दंडावर तो वण नाही, फक्त डाव्या बाजूला बीसीजीचा छोटा ठिपका आहे. लेकीच्या दंडावरही तोच.

त्या ठिपक्याची गंमत आत्या सांगते. ती 1979 ला नोकरीला लागली. देशात लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याच्या आदल्या वर्षी सुरू झालेला. पुढं 1985 पासून तो वाढत गेला आणि गोवराची लसही त्यात आली. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात तिची बदली झाली तेव्हा दिवाळीनंतर बीड, नगरकडची ऊसतोडीची कुटुंबं येत. कारखान्याजवळ पाचटाच्या कोप्या पडत. आत्या संध्याकाळी जायची, कारण दिवसा माणसं फडात. पोरं असायची पण कार्ड नसायचं. गावाकडं राहिलं, पावसात भिजलं, शेळीनं खाल्लं. मग ती पोराची डावी बाही वर करून बॅटरीच्या उजेडात ठिपका शोधायची. ठिपका दिसला की निदान एकदा तरी कोणा सिस्टरच्या हाताखालून हे पोर गेलंय एवढं कळायचं. बाकीचं आईला विचारून: “मांडीत दिली होती का? किती वेळा? नंतर ताप आलता?” मांडीतली म्हणजे डीपीटी. आईला तापावरनं आठवायचं. उन्हाळा लागला की कोप्या मोडायच्या, आणि पुढचा डोस द्यायची तारीख आली तेव्हा ते पोर दोनशे किलोमीटर लांब असायचं. आत्या एका चिठ्ठीवर तारीख लिहून ती आईच्या पदराला बांधायची. त्यातल्या किती चिठ्ठ्या पुढच्या सिस्टरपर्यंत पोचल्या असतील कोण जाणे.

तिचा व्हॅक्सिन कॅरिअर मी लहानपणी पाहिला होता. निळा डबा, आत चार बर्फाच्या पट्ट्या, मध्ये कुप्या. दोन ते आठ अंश, हे तिचं आयुष्यभराचं ब्रीद. पोलिओच्या कुपीवर एक गोल असतो आणि त्या गोलात एक फिका चौकोन. लस उन्हानं तापत गेली की चौकोन गडद होत जातो. तो गोलाच्या रंगाला भिडला की ती कुपी बाद. आत्या प्रत्येक कुपी डोळ्यांसमोर धरून बघायची, मोत्यांची पारख करावी तशी. 9 डिसेंबर 1995 ला पल्स पोलिओची पहिली फेरी झाली. तेव्हापासून दरवर्षी पोलिओच्या रविवारी ती बूथवर असायची, आणि सोमवारपासून घरोघर, दारावर खडूनं खुणा करत. देशातला पोलिओचा शेवटचा रोगी 13 जानेवारी 2011 चा, हावड्याचा. मार्च 2014 मध्ये देशाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं आणि त्याच वर्षी आत्या निवृत्त झाली. निरोपसमारंभात तिला साडी, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पोलिओ गेला त्यात तिचा वाटा किती, हे कोणी भाषणात बोललं नाही. तिलाही सुचलं नाही.

तिला एक राग मात्र अजून आहे. “आम्ही चांगल्या पोराला सुई टोचायचो आणि रात्री त्याला ताप यायचा. बाया म्हणायच्या, हसतं-खेळतं पोर नर्सबाईनं आजारी पाडलं. आता यांना कसं दाखवायचं की जे झालं नाही ते काय होतं?” तापाची आधी कल्पना दिली, औषध कसं द्यायचं ते सांगितलं आणि टोचल्यावर अर्धा तास बसवून घेतलं, की बाई पुढच्या वेळी परत यायची. यात टाळाटाळ करणाऱ्या सहकाऱ्यांबद्दल ती आजही वाईट बोलते.

मी तरी कुठं वेगळा होतो? नोव्हेंबर 2018 मध्ये राज्यभर गोवर-रुबेलाची मोहीम निघाली. नऊ महिने ते पंधरा वर्षं, सगळ्या मुलांना, शाळाशाळांतून. लेक तेव्हा नर्सरीत. शाळेतून संमतीचा कागद आला आणि त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर मेसेज सुरू झाले. अमुक गावात पोरं बेशुद्ध पडली, ही लस परदेशात बंद आहे, हिच्यानं पुढं मूल होत नाही. मी शिकलेला, कागद-आकडे कळणारा माणूस, पण तो फॉर्म दोन दिवस सही न करता बॅगेत घेऊन फिरलो. तिला आधी दोनदा खाजगीत दिलंय, परत कशाला, असा माझा साळसूद मुद्दा होता. आत्यानं विचारलं, “पगार दोनदा आला तर परत करशील का?” सही केली. लेक डाव्या अंगठ्यावरची शाई मिरवत घरी आली.

या गोवराच्या डोसांचं गणित प्रत्येक देशात वेगळं असतं हे बहिणीमुळे कळलं. ती न्यू जर्सीला गेली तेव्हा भाच्याच्या शाळेनं कार्ड तपासलं आणि नवव्या महिन्याचा डोस मोजलाच नाही. तिकडे पहिल्या वाढदिवसाआधीचा गोवराचा डोस धरत नाहीत. आपल्याकडे नवव्या महिन्यात देतात, कारण इथं गोवर बाळाचा पहिला वाढदिवस होईपर्यंत वाट बघत नाही. बहीण चिडली होती, “आपलं कार्ड खोटं आहे का?” खोटं नव्हतं, दोन्ही खरी होती. पण तिथं कार्ड पुरं झाल्याखेरीज शाळेत बसू देत नाहीत. आपल्याकडे शाळेनं मागितलीच तर झेरॉक्स मागते, आणि फाइलला लावून टाकते. आमच्या नव्या शाळेतल्या क्लार्कबाईंनीही माझी झेरॉक्स न बघताच पंचिंग मशीनखाली सरकवली. कोऱ्या चौकोनाला बरोबर मधोमध भोक पडलं.

त्या शनिवारी लेकीला घेऊन दवाखान्यात गेलो. तिला रस्त्यात सगळं खरं सांगायचं असं मी ठरवलं होतं.

“सुई आहे?”

“हो.”

“दुखेल?”

“थोडं. रात्री दंड जड होईल.”

“मग मी आजारी नसताना का?”

याचं सोपं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी रेनकोटचं उदाहरण दिलं, पाऊस यायच्या आधी आणतो ना तसं. ती म्हणाली, “रेनकोट टोचत नाही.” डॉक्टरांनी टीडॅप दिली, खाली रिकाम्या जागेत नोंद केली, आणि मी न सांगताच अर्धा तास बाहेर बसायला सांगितलं. बाकावर आमच्या शेजारी आणखी तीन-चार घरं होती. सगळी मुलं पाच-सहा-सात वर्षांची, सगळ्यांच्या हातात नव्या शाळेच्या याद्या. एका आजोबांनी विचारलं, “तुमचंही राहिलं होतं होय?” आणि आपण एकटेच नाही या विचारानं मला हलकं वाटलं. नको होतं वाटायला. पुढच्याच महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेचा आणि युनिसेफचा आकडा वाचला: 2021 या एका वर्षात जगभरात अडीच कोटी बाळांचा निदान एक डोस तरी चुकला. आमची मुलगी त्यात धरलेलीही नाही, तो हिशेब तान्ह्यांचा.

त्याच वर्षी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मुंबईत गोवंडीला गोवर भडकला. मग मालेगाव, भिवंडी. मुलं दगावली. गोवराचा रोगी खोलीतून गेल्यावरही हवेत दोन तासांपर्यंत त्याचा विषाणू राहू शकतो, आणि अंगावर पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून तो पसरत असतो. म्हणजे जेव्हा कोणालाच काही माहीत नसतं तेव्हा. शंभरातल्या पंचाण्णवांना दोन्ही डोस असले तरच तो अडतो. उद्रेक झालेल्या वस्त्यांत नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यायचं ठरलं, आणि आशाताई पुन्हा गल्लीगल्लीत दारं वाजवू लागल्या. आमच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर एका रात्रीत चाळीस मेसेज. ‘कार्ड सापडत नाहीये, काय करू?’ 2018 मध्ये ज्या ग्रुपांवर अफवा फिरल्या तसाच हाही ग्रुप, पण या वेळी एकानंही परदेशात काय बंद आहे ते सांगितलं नाही. मी कार्डाचा फोटो काढून फोनमध्ये ठेवला. बायकोलाही पाठवला. तिनं उत्तरात तोच फोटो मला पाठवला, तारीख 2017 ची.

2025 च्या मे महिन्यात लेक दहा वर्षांची झाली. दहाव्या वर्षाची टीडी. या वेळी तारीख मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल शाईनं लिहिली होती, एकादशीच्या वर. डॉक्टरांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या लशीचंही सांगितलं. नऊ ते चौदाच्या दरम्यान दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतरानं. त्यासाठी जुन्या कार्डात जागाच नव्हती, म्हणून मागच्या पानावर कुठं वजनाचा आलेख संपतो तिथं हातानं रकाना आखला.

16 जूनला शाळा सुरू होणार, त्याच्या आदल्या रात्री पुन्हा हॉलभर पसारा. पाचवीचं ओझं, सतरा वह्या. कात्री हरवली होतीच. मी शेवटची वही संपवून मान वर केली तर लेक उरलेला खाकी कागद पुढ्यात घेऊन काहीतरी दुमडत बसली होती. तिनं ते मऊ पडलेलं, घड्यांवर फाटायला आलेलं कार्ड पिशवीतून काढलं होतं. कव्हर वाकडं बसलं होतं, पण कडा आतून नीट घेतल्या होत्या. वर लेबल चिकटवलं होतं. नावापुढं स्वतःचं नाव. इयत्तेपुढं ‘सगळ्या’. आणि विषय या ओळीवर थोडा विचार करून, जीभ बाहेर काढून तिनं लिहिलं: ‘टोचणे’.